गोदाकाठचा सिंह : प्रेमव्यवहारातील बुद्धी आणि वासना

मनुष्याच्या ठिकाणी काम स्वभावतःच आहे. मग त्याच्यासाठी शास्त्र कशाला, हा आक्षेप वात्स्यायनाने कामसूत्राच्या पहिल्याच अधिकरणात पूर्वाचार्यांच्या तोंडी घातला आहे. पशुपक्ष्यांना कोणी शिकवीत नाही, तरी त्यांचे काही अडत नाही, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ. वात्स्यायनाचे उत्तर त्रोटक पण मार्मिक आहे. पशूंमध्ये मादी राखलेली नसते. ऋतुकाळी गरजेपुरतीच प्रवृत्ती होते. आणि त्या प्रवृत्तीच्या मागे बुद्धी नसते. म्हणून तेथे उपायाचे प्रयोजन नाही. स्त्रीपुरुषांना मात्र उपाय शोधावा लागतो, आणि उपाय म्हटला की विचार आला. या तीन कारणांपैकी मला पहिले सर्वांत महत्त्वाचे वाटते. कुंपण आहे म्हणून युक्ती आहे. वासना आणि बुद्धी यांचे हाडवैर असल्याचे नीतिग्रंथ सांगतात. येथे वासनाच बुद्धीला कामास लावताना दिसते.

बुद्धीची मर्यादाही वात्स्यायन जाणून होता. पुरुषाचा आवेग मंद आहे तोवरच शास्त्राचा अंमल, पुढे नाही, अशी कबुली त्याने दिलेली आहे. याच ग्रंथात, कुंतल शातकर्णी सातवाहन याच्या हातून प्रणयातील प्रहारामुळे मलयवती राणी मेली, असा दाखला सावधगिरीसाठी दिलेला आढळतो. युक्ती भेटीपर्यंत पोचविते. पुढे तिचे काही चालेलच असे नाही.

सातवाहनांच्याच नावाशी निगडित असलेला दुसरा ग्रंथ म्हणजे हालाची गाथासप्तशती. तिच्यात या युक्तीचे जितके नमुने सापडतात तितके कामसूत्रातही नाहीत. महाराष्ट्री प्राकृतातील हा सुमारे सातशे गाथांचा संग्रह एका काळाचा नव्हे. वेबर या जर्मन पंडिताने १८७० मध्ये त्याचा काही भाग व १८८१ मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा निरनिराळ्या पाठपरंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० च भरल्या. उरलेल्यांत भर पडत गेली असली पाहिजे. आपल्याकडे स. आ. जोगळेकरांची मराठी आवृत्ती १९५६ मध्ये निघाली आणि हे धन सामान्य मराठी वाचकाच्या हाती आले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरिताच्या आरंभी सातवाहनाच्या सुभाषितकोशाचा गौरव केला आहे, तो याच संग्रहाचा असे सामान्यतः मानतात.

या गाथांत बोलणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, आणि ती बहुधा खेड्यातली असते. तिचे बोलणे सरळ क्वचितच असते. याचा अर्थ ती लबाड आहे असा नव्हे. तिच्या सभोवती सासू आहे, दीर आहे, शेजारीण आहे. ज्याच्याशी बोलावयाचे त्याच्याशी उघड बोलता येत नाही. वात्स्यायनाने म्हटलेले कुंपण ते हेच.

दुसऱ्या शतकातील (म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या शंभरातील) एक गाथा अलंकारशास्त्रात अजरामर झाली आहे. तिचा आशय असा. एक धार्मिक मनुष्य फुलेपाने गोळा करीत हिंडत असतो आणि वाटेतल्या एका कुत्र्याला भीत असतो. एक स्त्री त्याला सांगते की आता खुशाल हिंड. तो कुत्रा आज मेला. गोदावरीच्या काठच्या झाडीत राहणाऱ्या माजलेल्या सिंहाने त्याला मारले. तिचे बोलणे एवढेच. ती कोण, तिला काय हवे, हे गाथेत नाही. ही तिची संकेतस्थळाची जागा असून तेथे हा मनुष्य रोज येतो, फुलेपाने तोडून झाडी विरळ करतो व एकांत मोडतो, म्हणून ती हे बोलली, असा खुलासा अभिनवगुप्ताने लोचन टीकेत केला आहे. तिला कुलटा ठरविणे हे टीकाकारांचे काम. गाथेत तिच्याविषयी एकही विशेषण आलेले नाही, हे येथे नमूद करून ठेवतो.

भाषेच्या अभ्यासकाने या गाथेपाशी थोडे रेंगाळावे. कुत्र्यासाठी तिच्यात ‘सुणअ’ हा शब्द आला आहे. जुन्या मराठीतील ‘सुणें’ तो हाच. आपण तो टाकून ‘कुत्रा’ घेतला, पण गोव्यात आणि कोकणीत ‘सुणें’ अद्याप जिवंत आहे. गोदावरीला गाथेत ‘गोला’ म्हटले आहे. आणि हिंडण्याविषयीचे जे क्रियापद आहे ते आज्ञार्थी आहे. अभिनवगुप्ताने या आज्ञार्थाचा विचार व्याकरणाच्या अंगाने केला. हा लोट् लकार आज्ञा देण्याच्या अर्थाने नाही, तर मोकळीक देण्याच्या व योग्य वेळ झाल्याच्या अर्थाने आहे, आणि पाणिनीने असे अर्थ तृतीय अध्यायात सांगितलेले आहेत. मराठीतही ‘जा बापड्या, आता पाऊस थांबला’ असे आपण म्हणतो तेव्हा हुकूम सोडीत नाही. आड आलेली गोष्ट दूर झाली एवढेच कळवितो. या स्त्रीने ती गोष्ट दूर झाल्याचे सांगता सांगता तिच्या जागी दहापट भयंकर गोष्ट आणून बसविली. वर परवानगी, खाली मनाई.

नवव्या शतकात काश्मिरात आनंदवर्धनाने ध्वनीचा सिद्धान्त मांडला तेव्हा त्याने पहिले उदाहरण याच गाथेचे घेतले. शब्दांतून विधी निघतो, पण प्रतीत होतो तो निषेध. म्हणून व्यंग्य अर्थ वाच्याहून वेगळा, असे त्याचे प्रतिपादन. अकराव्या शतकात महिमभट्टाने व्यक्तिविवेक लिहिला तो हा सिद्धान्त उखडण्यासाठीच. त्याचे म्हणणे असे की येथे ध्वनी वगैरे काही नसून शुद्ध अनुमान आहे. भित्र्याचे हिंडणे हे भयाचे कारण नसल्याच्या ज्ञानावर अवलंबून असते. गोदाकाठी सिंह असल्याचे कळले. अर्थात भित्र्याने तेथे हिंडू नये. धूर पाहून अग्नी ताडावा तितके हे साधे. पैठणच्या आसमंतात शोभणारी एक खेडवळ स्त्री आणि तिच्या वाक्याचे पंचावयव मांडीत बसलेले काश्मिरी पंडित, हे चित्र गमतीचे आहे खरे. परंतु या वादात एका अशिक्षित स्त्रीच्या वाक्याला न्यायशास्त्राच्या तोडीचा विचार म्हणून वागविले गेले, ही गोष्ट लहान नाही.

महिमभट्टाच्या मताला उत्तर दिले ते मम्मटाने, काव्यप्रकाशाच्या पाचव्या उल्लासात. त्याने या हेतूत तीन दोष काढले. भित्रा मनुष्यसुद्धा गुरूच्या किंवा धन्याच्या आज्ञेने, अथवा प्रियेवरील प्रेमापोटी, भयाचे कारण असतानाही हिंडतो. म्हणून हेतू अनैकान्तिक. कुत्र्याला टाळणारा मनुष्य शूर असेल तर सिंहाला भिणारही नाही, म्हणून विरुद्ध. आणि सिंह तेथे आहे हे कोणी पाहिलेले नाही, अनुमानानेही ठरलेले नाही, ते केवळ बोलण्यावरून कळले, आणि बोलण्याचा वस्तूशी अतूट संबंध नसतो, म्हणून असिद्ध. येथे मम्मटाने स्त्रीचे बोलणे म्हणून अविश्वास दाखविला नाही, कोणाचेही बोलणे असेच, असे त्याचे मत. हा त्याचा न्यायीपणा मान्य करावा लागेल.

मला महत्त्वाचा वाटतो तो पहिला दोष, आणि त्यातही मधला दाखला. भयाची व्याप्ती मोडण्यासाठी मम्मटाला जी कारणे सुचली त्यांत प्रेम आहे. आज्ञेने माणूस जातो, हे कोणत्याही राज्यव्यवहारात दिसते. पण प्रेमाने भित्राही सिंहाच्या झाडीत जातो, हे त्याने तर्कशास्त्राच्या खंडनात, काही विशेष न सांगावयाचे असल्यासारखे, सांगून टाकले. मनुष्यस्वभावाविषयीचे अनुमान वासनेपाशी ढासळते, ही कबुली एका नैयायिक वादाच्या पोटात दडलेली आहे. आता गाथेकडे पुन्हा पाहावे. धार्मिकाचे वागणे त्या स्त्रीने अचूक जोखले आहे: तो भितो, म्हणून येणार नाही. तिचे अनुमान त्याच्यापुरते बिनचूक आहे, कारण त्याला त्या झाडीत कोणी भेटावयाचे नाही. ज्याला भेटावयाचे आहे त्याला हेच वाक्य ऐकू गेले तरी तो थांबणार नाही. महिमभट्टाची व्याप्ती एकाला लागू, मम्मटाचा अपवाद दुसऱ्याला. एकाच वाक्यात दोघांची सोय तिने केली आहे. दोन्ही आचार्य एकेका बाजूने बरोबर होते असे मी म्हणेन, मात्र अलंकारशास्त्री हे सहजी मान्य करतील असे वाटत नाही.

आनंदवर्धनाने लगेच पुढे दिलेली गाथा याच्या उलट रचनेची आहे. घरी उतरलेल्या वाटसरूला सून दिवसाउजेडी दाखवून ठेवते की सासू येथे निजते, मी येथे. तू रातांधळा, चुकून माझ्या अंथरुणावर पडशील, तेव्हा आताच नीट पाहून ठेव. मनाईच्या रूपाने आमंत्रण. या गाथेतील सासूसाठी आलेला शब्द ‘अत्ता’ हा आहे. मराठीत तो ‘आत्या’ होऊन बापाच्या बहिणीकडे गेला. महाराष्ट्रात मामाची मुलगी करण्याची चाल असल्यामुळे मुलीची आत्याच तिची सासू होते, आणि ग्रामीण भागात सुना सासूला ‘आत्याबाई’ म्हणतात ते यामुळेच. इरावती कर्वे यांनी १९५३ मधील आप्तसंबंधविषयक ग्रंथात या विवाहपद्धतीचा विचार केला आहे. ‘अत्ता’चे इतर अर्थही प्राकृतात आहेत, तेव्हा या एका शब्दावरून सातवाहनकाळी हीच चाल होती असे कोणी सिद्ध करू नये. पण सासू ही आत्या असेल तर त्या सुनेचे धाडस जरा निराळ्या उजेडात दिसते: पहारा परक्याचा नाही, रक्ताच्या माणसाचा आहे.

पहिली गाथा वर्गात शिकविताना एकदा एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, सिंह खोटा हे समजले. पण कुत्रा खरोखर मेला होता का?” मी म्हणालो, मेला नसेल तर निदान दिसेनासा तरी झाला असला पाहिजे. मम्मटाच्या मांडणीत कुत्रा घराजवळचा आहे. धार्मिकाला ते पडताळून पाहता येत होते. कुत्रा जागेवर दिसला असता तर सिंहावर त्याने विश्वास ठेवला नसता. “मग मारला कोणी?” असे तिने विचारले, आणि मला उत्तर देता आले नाही. गाथेत ‘मारिअ’ हे भूतकृदन्त आहे व मारणारा तृतीयेत आहे. ‘सिंहाने कुत्रा मारला’ हा आपला मराठी प्रयोग थेट त्याच रचनेचा वारस आहे. क्रिया खरी, जो मेला तो खरा, ‘आज’ हे कालवाचकही खरे असावे. खोटे एवढेच, जे तृतीयेत आहे.