रमादीतलं छप्पर : मायकल मन्सूर यांची गोष्ट

मागच्या खेपेला आपण पाणबुड्या सैनिकांच्या जन्माबद्दल बोललो. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्यालगतचे अडथळे उडवणारी अमेरिकी पथकं आणि त्यांच्यातूनच जानेवारी १९६२ मध्ये, केनेडींच्या काळात, उभी राहिलेली 'सील' पथकं. आज त्याच परंपरेतल्या एका माणसाकडे वळू. हा माणूस अधिकारी नव्हता, साधा नौसैनिक होता. नाव मायकल मन्सूर.

मन्सूर म्हटलं की आपल्याला धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आठवतात. पंडितजींचं आडनाव त्यांच्या गावावरून आलेलं. हे मन्सूर वेगळे. हा अरबी शब्द, अर्थ 'विजयी', 'ज्याला ईश्वराचं साह्य लाभलं तो'. घराण्याची मुळं लेबनॉनमधली. म्हणजे अरबी आडनावाचा हा अमेरिकी मुलगा पुढे एका अरबी शहरात लढायला गेला. इतिहासात अशा गाठी पडतात, त्या लक्षात ठेवाव्यात.

जन्म ५ एप्रिल १९८१, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा. बालपण शेजारच्या गार्डन ग्रोव्हमध्ये गेलं. चार भावंडांतला तिसरा. वडील मरीन दलात नोकरी केलेले. आणि या मुलाला लहानपणी काय होतं? दमा. भावंडांशी पोहण्याच्या शर्यती लावून त्यानं आपली फुप्फुसं बळकट केली. शाळेत फुटबॉल खेळला, १९९९ मध्ये शाळा संपली आणि मार्च २००१ मध्ये तो नौदलात भरती झाला. तेव्हा ११ सप्टेंबर उजाडायचा होता. म्हणजे त्या हल्ल्याच्या संतापातून तो सैन्यात गेला असं म्हणता येत नाही. तो आधीच गेला होता.

आता सीलच्या प्रशिक्षणाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढची गोष्ट तिथे आहे. कॅलिफोर्नियात कोरोनाडोच्या समुद्रकिनाऱ्यावर सुमारे सहा महिने हे चालतं. त्यात एक आठवडा असा असतो की साडेपाच दिवसांत सगळी मिळून जेमतेम चार तास झोप मिळते. थंडगार पाणी, ओली वाळू, डोक्यावर रबरी होडी, खांद्यावर ओंडके. सोडून जायचं असेल तर मैदानातली पितळी घंटा तीनदा वाजवायची. बस, सुटका. निम्म्याहून अधिक मुलं गळतात.

मन्सूरही पहिल्या खेपेला गळला. टाचेचं हाड मोडलं होतं. मग त्याची नेमणूक युरोपात झाली, इटलीत, नौदलाच्या साध्या कामावर. तिथे त्याला सुखानं नोकरी करता आली असती. पण त्यानं पुन्हा अर्ज केला, पुन्हा त्याच वाळूत उतरला आणि सप्टेंबर २००४ मध्ये २५० क्रमांकाच्या तुकडीतून, वरच्या मुलांत गणला जाऊन, बाहेर पडला. त्यापुढचं प्रशिक्षण संपलं मार्च २००५ मध्ये. नेमणूक मिळाली सील टीम थ्री, डेल्टा प्लाटूनमध्ये.

इथे एक प्रश्न नेहमी येतो. नौदलाचा माणूस वाळवंटातल्या शहरात काय करतो? उत्तर नावातच आहे. 'सील' ही समुद्र, आकाश आणि जमीन या तीन इंग्रजी शब्दांची जुळणी आहे. आपल्या मार्कोसचंही तसंच आहे बघा. २००८ च्या नोव्हेंबरात ताजमध्ये सुरुवातीला शिरलेल्या कमांडोंमध्ये नौदलाचे मार्कोस होतेच ना? तिथे कुठला समुद्र होता? होता तो खिडकीबाहेर.

एप्रिल २००६ मध्ये मन्सूरची तुकडी रमादीला पोचली. बगदादच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, युफ्रेटिसच्या काठावरचं हे शहर, अन्बार प्रांताची राजधानी. त्या वर्षी इराकमधल्या सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक. सीलचं काम होतं इराकी सैनिकांना सोबत घेऊन गस्त घालणं आणि छपरांवर स्नायपर बसवून खालच्या सैन्याला संरक्षण देणं. मन्सूर मशीनगन चालवायचा, शिवाय संपर्काचा रेडिओही त्याच्याकडेच. अंगावर चाळीस-पंचेचाळीस किलोचं ओझं आणि वर रमादीचा उन्हाळा. तुकडी बाहेर पडली की बहुतेक वेळा गोळीबार ठरलेला.

९ मे २००६. एका सहकाऱ्याच्या पायाला गोळी लागली आणि तो रस्त्यात उघड्यावर पडला. मन्सूर आणखी एका साथीदारासह धावत गेला, एका हातानं जखमी मित्राला ओढत आणि दुसऱ्या हातानं गोळ्या झाडत त्याला आडोशाला घेऊन आला. यासाठी त्याला सिल्व्हर स्टार मिळाला. ऑगस्टच्या २ तारखेला सील टीम थ्रीमधलाच मार्क ली मारला गेला. इराकमध्ये पडलेला तो पहिला सील. म्हणजे पुढे काय होऊ शकतं हे या मुलांना चांगलं ठाऊक होतं.

२९ सप्टेंबर २००६. ख्रिस्ती पंचांगात हा देवदूत मायकलचा सण. मन्सूर श्रद्धाळू कॅथलिक होता. दक्षिण रमादीत मोहीम चालू होती. सकाळपासून छपरावर हल्ले होत होते. लोकांनी रस्ते दगडांनी अडवले, मशिदीच्या भोंग्यावरून लढायची हाक दिली गेली. मन्सूर दोन स्नायपरच्या मधोमध, छपरावरून बाहेर जायच्या वाटेच्या अगदी जवळ होता. कुठूनतरी एक हातबॉम्ब आला, त्याच्या छातीवर आपटला आणि जमिनीवर पडला.

इथे मी तुम्हाला थांबवतो. बाहेर पडायची वाट फक्त त्याच्याजवळ होती. बाकीच्यांना ती नव्हती. त्यानं 'ग्रेनेड' असं ओरडून इशारा दिला आणि बाहेर न जाता त्या बॉम्बवर स्वतःला झोकून दिलं. शेजारचे दोघे जखमी झाले, पण जगले. मन्सूर सुमारे अर्ध्या तासानं गेला. वय पंचवीस.

१२ ऑक्टोबरला सान दिएगोच्या फोर्ट रोझक्रान्स दफनभूमीत त्याला निरोप दिला गेला. सील सैनिक दोन रांगांत उभे राहिले. छातीवरचा सोनेरी त्रिशूळ, जो मिळवायला त्यांनी ती सगळी वाळू खाल्ली होती, तो काढून एकेकानं शवपेटीच्या लाकडात तळहातानं ठोकला. ८ एप्रिल २००८ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मेडल ऑफ ऑनर त्याच्या आईवडिलांच्या हाती दिलं. २०१९ मध्ये त्याच्या नावाची विनाशिका अमेरिकी नौदलात दाखल झाली. तारीख २६ जानेवारी.

आता अवघड भाग. ज्या युद्धात तो गेला, त्याचं कारण काय सांगितलं होतं? संहारक अस्त्रं. ती सापडली नाहीत. आणि रमादी? त्याच सप्टेंबरात तिथल्या अरब टोळीप्रमुखांनी अल-कायदाविरुद्ध आघाडी उघडली, २००७ मध्ये शहर बरंच शांत झालं, आणि मे २०१५ मध्ये इस्लामिक स्टेटनं ते जिंकून घेतलं. मग मन्सूरचं बलिदान वाया गेलं का? मला विचाराल, तर हा प्रश्नच दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. युद्ध करायचं की नाही हे ठरवणारे लोक वेगळे होते, त्यांचा हिशेब इतिहासानं कडक मागावा, आणि त्या रस्त्यांवर मेलेल्या इराकी माणसांचाही मागावा. छपरावरच्या त्या क्षणात मात्र धोरण नव्हतं. होते ते शेजारचे दोन मित्र. ते जगले. हे वाया गेलं असं कसं म्हणायचं?

दुसरा धोका उलट बाजूचा. अशा माणसाच्या पराक्रमाची शाल पांघरून त्या युद्धालाच पवित्र ठरवणं. तेही करू नये. वीरानं कुणाचा निर्णय बरोबर ठरत नाही, आणि चुकीच्या निर्णयानं वीर लहान होत नाही.

शेवटचं एक सांगतो. आपण म्हणतो, तो क्षणात निर्णय होता. मला तसं वाटत नाही. क्षणात माणूस जे करतो ते आधी बरीच वर्षं करत आलेला असतो. दमा असून पोहणारा मुलगा, टाच मोडल्यावर परत येणारा नौसैनिक, मे महिन्यात रस्त्यावर धावलेला गनर. सप्टेंबरातला माणूस तोच होता.

इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.