संकट आलं की चहाचं आधण

पोस्ट जरा मोठी आहे. चहा टाकून वाचायला बसलात तरी चालेल, विषय तोच आहे.

ब्रिटिश माणसाबद्दल एक गंमत नेहमी सांगतात. नोकरी जाऊ दे, युद्ध पेटू दे, तो आधी किटली ठेवणार. यात अतिशयोक्ती असेल, पण अगदीच खोटं नाही. ४ जुलै १९९० रोजी फुटबॉल वर्ल्डकपच्या उपांत्य सामन्यात इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं. सामना संपला आणि काही मिनिटांत विजेची मागणी सुमारे २८०० मेगावॅटने उसळली. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी क्षमता १९६० मेगावॅट, म्हणजे अंदाज करा! कारणं दोन-चार असतील, पण मुख्य कारण विजेच्या किटल्या. देश हरला आणि लोक उठून स्वयंपाकघरात गेले.

‘त्यांच्या रक्तातच आहे ते’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण सवय रक्तात नसते. ती कुणीतरी लावतो, कुणीतरी पुरवतो आणि तिचं बिल कुणीतरी भरतो.

अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये चहावर इतका कर होता की अर्धा धंदा चोरटाच चालायचा. १७८४ मध्ये पंतप्रधान पिट यांनी हा कर ११९ टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला आणि चहा गरिबाच्या आवाक्यात येऊ लागला. पुढे दारूबंदीवाल्यांनी चहापानाच्या सभा भरवल्या. कारखान्यातल्या कामगाराला गरम आणि गोड असं काहीतरी हवंच होतं. वसाहतींतून साखर येत होती, नंतर चहाही येऊ लागला. शंभर-दीडशे वर्षांत चहा घराघरांत मुरला.

त्याची खरी परीक्षा झाली दुसऱ्या महायुद्धात. युद्ध सुरू होताच सरकारने चहाचे साठे ताब्यात घेतले आणि लंडनबाहेर पांगवले, एका बॉम्बमध्ये सगळं जळू नये म्हणून. जुलै १९४० मध्ये चहा रेशनवर आला. माणशी आठवड्याला दोन औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. दिवसाला तीनेक कप, तेही बेताचे. किटलीत जादाचा चमचा टाकू नका, असं अन्नखातं लोकांना बजावत होतं. लॉर्ड असो की गोदीतला हमाल, कार्डावर दोनच औंस. (हॉटेलात पैसेवाल्यांची सोय होतच होती, तो भाग वेगळा.) हे रेशन युद्धानंतरही सात वर्षं चाललं, १९५२ पर्यंत.

७ सप्टेंबर १९४० पासून लंडनवर सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. सकाळी ढिगाऱ्यांपाशी अग्निशामक दलाच्या जवानांबरोबर आणखी एक गाडी दिसायची, चहाची. स्वयंसेवक बायका ती चालवायच्या. अंगावर चुन्याची धूळ, हातात पोर, घर गेलेलं, अशा बाईच्या हातात आधी गरम गोड चहाचा कप जायचा.

आता नीट बघा, तो कप काय करत होता. बॉम्बने गॅसच्या आणि पाण्याच्या लाईनी फुटल्या की घर उभं असलं तरी चहा करता येत नसे. अशा वेळी गल्लीत चहाची गाडी आली, याचा अर्थ कुणालातरी आपला पत्ता ठाऊक आहे. थरथरत्या हातांना धरायला काहीतरी मिळालं. कुणीतरी ‘बसा’ म्हटलं. चहाने घर परत येत नाही, पण आपण एकटे नाही एवढं कळतं. ब्रिटिश सरकारला हे पक्कं कळलं होतं. म्हणून तर पाणबुड्या जहाजं बुडवत असतानाही चहासाठी जहाजात जागा ठेवली गेली.

आता त्याच जहाजाच्या दुसऱ्या टोकाला येऊ.

१९४२ मध्ये जावा-सुमात्रा जपानने घेतले. मग ब्रिटनचा चहा मुख्यतः भारत आणि सिलोनवर येऊन ठेपला. भारतातला म्हणजे प्रामुख्याने आसामचा. तिथल्या मळ्यांत राबणारे बहुतेक लोक छोटा नागपूर, ओडिशा अशा भागांतून करारावर नेलेले आदिवासी आणि गरीब शेतमजूर. १९०८ पर्यंत मळा सोडून पळणाऱ्या मजुराला वॉरंटशिवाय पकडायचा अधिकार मळेवाल्याला कायद्यानेच होता. १९२१ मध्ये चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर उपाशीपोटी गावाकडे चालत निघाले, तेव्हा चांदपूर स्टेशनवर त्यांच्यावर गुरखा शिपाई सोडले गेले. त्यांच्या संकटात किटली कुणी ठेवली नाही.

१९४२ मध्ये ब्रह्मदेशातून लाखो निर्वासित आसामकडे आले. त्यांच्या वाटेवर चहामळेवाल्यांच्या संघटनेने छावण्या उभारल्या, अन्न दिलं, चहा पाजला. हे चांगलंच काम होतं, नाकारायचं कारण नाही. पण त्या छावण्यांसाठी ओझी वाहायला आणि लष्कराचे रस्ते खोदायला मळ्यांतलेच मजूर नेले होते.

आणि मग १९४३. बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं मेली. कलकत्त्याच्या फुटपाथवर प्रेतं पडत होती, आणि आसामचा चहा बाहेर जायचं मोठं बंदर म्हणजे तेच कलकत्ता. धान्यासाठी जहाजं द्या, अशा मागण्या दिल्लीहून लंडनला पुन्हा पुन्हा गेल्या. काही नाकारल्या, काहींत काटछाट झाली.

चहामुळे दुष्काळ पडला असं मी म्हणत नाही, कृपया तसं वाचू नका. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला होता, १९४२ चं चक्रीवादळ होतं, महागाई होती, जपानी येतील या भीतीने सरकारने बंगालच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या होत्या. माझा मुद्दा एवढाच की दोन औंस चहाने माणसाचं मनोधैर्य टिकतं हे ज्या सरकारला समजत होतं, त्याला भातावाचून माणूस मरतो हे समजत नव्हतं असं नाही. कुणाचं संकट तातडीचं आणि कुणाचं थांबू शकतं, हे आधीच ठरलेलं होतं.

आपणही यातून सुटत नाही. भारतीयांना चहाची गोडी लागावी म्हणून १९०३ पासून चहावर उपकर बसवून जाहिरात सुरू झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कापड गिरण्या, कोळशाच्या खाणी, कारखाने यांत चहाचे ठेले लावले गेले. आज कुणाच्या घरी मयत झालं की चूल पेटत नाही आणि शेजारीण चहाचा थर्मास घेऊन येते. ती सवयही बाजारानेच लावलेली. पण थर्मास आणणाऱ्या त्या बाईची माया बाजाराची नाही. लंडनच्या ढिगाऱ्यापाशी कप देणाऱ्या बाईचीही नव्हती.

म्हणून चहाला नावं ठेवायची नाहीत. फक्त ‘संकटातही कसे शांत राहिले बघा’ असं कुणाचंही कौतुक ऐकलं, की एक प्रश्न विचारायचा. किटली कुणाच्या दारात पोचली आणि कुणाच्या दारात नाही? पूर असो, दुष्काळ असो, आपल्या गावातही हाच प्रश्न विचारायचा.