कवाडाचं झालं कपाट

दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत बातमी येते, केदारनाथाचे कपाट उघडले. ते कपाट म्हणजे देवळाचं दार. संस्कृतात कपाट या शब्दाचा अर्थच दार. हाच शब्द बोलण्यात झिजत झिजत मराठीत ‘कवाड’ झाला आणि दाराच्या अर्थानं घराघरांत राहिला. त्याचं मूळ, न झिजलेलं रूप मात्र दुसऱ्याच कामाला लागलं. ज्या लाकडी खोक्याला दारं आहेत त्या खोक्यालाच मराठी माणूस कपाट म्हणू लागला. वस्तू ओळखली गेली ती तिच्या दारावरून.

त्यामागचं कारण जुन्या वाड्यांच्या भिंतींत सापडतं. दगडामातीच्या जाड भिंतीत कोनाडा ठेवायचा आणि त्याला लाकडाची चौकट व दोन झडपा लावल्या की त्याचं फडताळ व्हायचं. तुपाची बरणी, औषधाचा बटवा, हिशेबाची वही त्यात राहायची. तीन बाजूंना भिंत असल्यामुळे सुताराला करायचं असे ते फक्त दार. बाकीचा ऐवज पेटाऱ्यात आणि संदुकीत जाई.

कागदपत्रांनाही कपाट लागत नसे. पेशवाईत कल्याण हे सुभ्याचं ठाणं होतं आणि सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांच्या नावाशी जोडलेला सुभेदार वाडा आजही कल्याणात सांगितला जातो. अशा ठिकाणचा कारकून मांडी घालून बसे, पुढ्यात उतरत्या झाकणाची पेटी ओढून लिही आणि लिहून झालेले कागद फडक्यात बांधून ठेवी. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आहेत. ‘दप्तर’ शब्द फारसीतून आला आणि त्याचं मूळ ग्रीक ‘दिफ्थेरा’, म्हणजे कमावलेलं कातडं. आज जुन्या बाजारात उतरत्या झाकणाचं बुटकं डेस्क दिसतं ते याच बैठकीच्या लिखाणाच्या कुळातलं. त्याला पाय जोडून उंच केलेलं असेल, तर पायांचं लाकूड आणि वरच्या पेटीचं लाकूड एकच आहे का, हे आधी बघावं.

भिंत सोडून स्वतःच्या पायावर उभं राहणारं कपाट हा पश्चिमेकडून आलेला पाहुणा. 1530 च्या दशकापासून 1737 पर्यंत ठाणे शहर पोर्तुगीजांच्या ताब्यात होतं. त्यांच्या ‘आर्मारियो’वरून हिंदीत ‘अलमारी’ हा शब्द रूढ झाला. त्याचं लॅटिन मूळ ‘आर्मारियम’, म्हणजे हत्यारं आणि अवजारं ठेवायची जागा; रोमन लोक ग्रंथही त्यात ठेवत. मराठीनं अलमारीला घरात फारसं घेतलं नाही. मराठीनं पोर्तुगीजांकडून उचलले ते दाराच्या सामानाचे शब्द. ‘बिजागरी’ आली ‘बिसाग्रा’वरून आणि ‘चावी’ आली ‘शावे’वरून. नाव दाराचं आणि त्या दाराला लागणारं लोखंड-पितळ पोर्तुगीज नावांचं, अशी ही घडण आहे.

लाकूड मात्र इथलं होतं, आणि त्याची कीर्ती फार जुनी. इसवी सनाच्या सहाव्या शतकातला ग्रीक व्यापारी कॉस्मस ‘कल्लियाना’ बंदराचा उल्लेख करतो आणि तिथून तांबं, कापड आणि ‘सिसामिना’ लाकडाचे ओंडके बाहेर जातात, असं लिहितो. कल्लियाना म्हणजे कल्याण, आणि सिसामिना म्हणजे शिसव, असं अभ्यासक मानतात. संस्कृत शिंशपा, मराठी शिसव आणि कॉस्मसच्या ग्रीकमधला तो शब्द शेजारी ठेवले की खाडीतून निघालेल्या त्या ओंडक्यांचा माग लागतो. सागाचं वजन घनमीटरला साधारण साडेसहाशे किलो भरतं, तर शिसव आठशेच्या वर जाते. म्हणून शिसवी कपाटाचं दार हाताला लगेच जड लागतं. सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही.

पुस्तकांच्या कपाटाला छापील ग्रंथांची वाट बघावी लागली. रुमाल आडवा ठेवता येतो, बांधणीचं पुस्तक उभं राहतं आणि पाठीवरचं नाव बाहेर दाखवतं. ठाण्यात 1850 मध्ये नगर वाचन मंदिराची सुरुवात झाली, कल्याणात 1864 मध्ये सार्वजनिक वाचनालय आलं, आणि 1 जून 1893 रोजी ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकारानं ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय उभं राहिलं. पुस्तक बाहेरून दिसावं पण हाताळलं जाऊ नये, या गरजेतून काचेच्या दारांचं कपाट वाचनालयात शोभलं आणि तिथून वकील, डॉक्टर, शिक्षकांच्या बैठकीच्या खोलीत गेलं. त्याच काळात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर नखशिखांत कोरीव शिसवी सामान विकलं जाई. ते ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ या नावानं परदेशातही पोहोचलं.

1923 मध्ये गोदरेजनं पोलादी कपाटं बनवायला सुरुवात केली. वाळवी नाही, पावसात फुगणं नाही आणि आत तिजोरीचा खण, एवढ्या गुणांवर हे कपाट लग्नाच्या यादीत जाऊन बसलं. लाकडी कपाट आधी मागच्या खोलीत गेलं, मग जिन्याखाली. आता ठाण्याच्या नौपाड्यातल्या आणि डोंबिवलीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाताना ती कपाटं बाहेर निघतात आणि मुंबईच्या चोर बाजारात किंवा जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात दिसू लागतात. तिथे त्यांच्याकडे नीट बघणारी नजर हवी, कारण अंगावर नवं पॉलिश चढलं की खरं-खोटं सारखंच चकाकतं.

पारख दारापासूनच सुरू करावी. दार अर्धं उघडून सोडावं. ते आपोआप फिरलं तर कपाट तिरकं उभं आहे किंवा चौकट पिळली आहे. मग बिजागरीचा स्क्रू बघावा. त्याच्या डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल, तर तो 1930 च्या दशकातला किंवा त्यानंतरचा. एखादा बदललेला चालतो. सगळेच तसे असतील तर विक्रेत्यानं सांगितलेल्या ‘दीडशे वर्षां’वर विश्वास ठेवू नये. दाराच्या मधल्या पॅनेलच्या कडेला बिनपॉलिशची फिकट रेघ दिसली तर आनंदच मानावा, कारण लाकूड वर्षानुवर्षं आडवं आकसतं आणि चौकटीखाली दडलेली कड उघडी पडते.

खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा. हातानं केलेल्या खणाच्या कोपऱ्यात, टोकाकडे रुंदावणारे दात एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्यांची मापं थोडी कमीजास्त असतात. तळाच्या फळीवर करवतीच्या कमानदार खुणा असतील तर ती गोल यांत्रिक करवत, सरळ पण असमान खुणा असतील तर बहुधा हातकरवत. पाठीला प्लायवूड दिसलं तर निदान पाठ तरी विसाव्या शतकातली किंवा त्यानंतरची. बारीक भोकांखाली ताजा भुसा पडत असेल तर किडा अजून आत आहे. तसं कपाट उपचार केल्याशिवाय घरी आणू नये.

मापाचंही आहे. हँगरला सुमारे 55 सेंटिमीटर खोली लागते. घडीच्या कपड्यांसाठी केलेली जुनी कपाटं अनेकदा त्याहून उथळ असतात, म्हणून त्यांत साड्या किंवा पुस्तकं छान बसतात. एक मीटर फळीवरच्या पुस्तकांचं वजन 25 ते 40 किलो होतं. तीन फुटांपेक्षा लांब फळीला मधे आधार नसेल तर ती बाक खाते. जुलैत खण अडकला म्हणून त्यावर रंधा मारू नये. कडेला मेणबत्ती घासून दिवाळीपर्यंत थांबावं, खण आपोआप मोकळा होतो. परदेशातल्या मुलाकडे धाडायचा बेत असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरच्या पुरावस्तूंच्या निर्यातीवर बंधन आहे आणि 2017 पासून शिसवीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, हे आधी तपासून घ्यावं.

सौदा ठरण्याआधी शेवटचं माप स्वतःच्या घराचं घ्यायचं, म्हणजे लिफ्टचं दार, जिन्याचं वळण आणि फ्लॅटची चौकट. ही मापं जुळली नाहीत तर जाणता सुतार कपाट तिरकं करून ढकलत नाही. आधी माथ्यावरची कोरीव पट्टी उतरवतो, फळ्या काढतो, मग बिजागऱ्यांचे स्क्रू मोजून कागदात बांधतो. डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर, घराच्या कवाडातून, सगळ्यांत आधी आत येतात ती कपाटाची दोन दारं.