हिंद स्वराज ट्रस्ट : हिशेबांचा पक्षीय वाद

राळेगणसिद्धी (ता. पारनेर, जि. अहिल्यानगर) येथील अण्णा हजारे यांच्याशी संबंधित असलेल्या या सार्वजनिक न्यासाच्या, म्हणजे लोकहितासाठीचा निधी विश्वस्तांकडे सोपवलेल्या संस्थेच्या, जमाखर्चावरून झालेला राजकीय वाद. 2003 मध्ये हजारे यांनी मुंबईत उपोषण करून राष्ट्रवादी काँग्रेसच्या चार मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, तेव्हा त्यांपैकी सुरेश जैन यांनी हजारे यांच्या संस्थांवर प्रत्यारोप केले आणि राज्य शासनाने दोन्ही बाजूंची चौकशी न्या. पी. बी. सावंत आयोगाकडे सोपवली. 2005 च्या अहवालात आयोगाने तीन मंत्र्यांवर ताशेरे ओढले. त्याचबरोबर हजारे यांच्या वाढदिवसाच्या समारंभावर न्यासाचे सुमारे 2.20 लाख रुपये खर्च झाल्याचे नोंदवून तो व्यवहार बेकायदेशीर व भ्रष्ट ठरवला. रक्कम लहान असली, तरी न्यासाचा पैसा उद्दिष्टांबाहेर खर्चता येत नाही, हे तत्त्व लहान नाही.

ऑगस्ट 2011 मध्ये हजारे यांचे भ्रष्टाचारविरोधी जनलोकपाल आंदोलन ऐन भरात असताना काँग्रेसचे प्रवक्ते मनीष तिवारी यांनी याच निष्कर्षाच्या आधारे हजारे यांना आपादमस्तक भ्रष्ट म्हटले आणि पुढे दिलगिरी व्यक्त केली. त्याच अहवालात तीन मंत्र्यांवरही ताशेरे होते, हे त्या गदारोळात मागे पडले.