खर्ड्यापासून मूसारामबागेपर्यंत

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला माझा पुतण्या फ्रान्समधून घरी आला होता. तो तुलूझ शहरात विमानांच्या कामावर अभियंता आहे. आरती झाली, प्रसाद झाला आणि तो मोबाइलवरचे फोटो दाखवू लागला. कालव्याच्या काठाने जाणारी सरळ पायवाट, दोन्ही बाजूंना उंच झाडे आणि झाडाला टेकवलेली त्याची सायकल.

"काका, शनिवार-रविवार आम्ही असेच निघतो," तो म्हणाला. तुलूझपासून भूमध्य समुद्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटरचा एक कालवा आहे, कनाल द्यु मिदी. पिएर-पॉल रिके नावाच्या माणसाने तो १६६६ ते १६८१ या काळात खोदून घेतला आणि १९९६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. दुसऱ्या बाजूला गारोन नदीला समांतर आणखी एक कालवा जातो. पूर्वी काठावरून घोडे चालत आणि दोराने नावा ओढत. घोडे गेले, नावा इंजिनावर आल्या. घोड्यांची ती वाट आता सायकलवाल्यांची झाली. वाटेत म्वासाकचा नऊशे वर्षांपूर्वीचा मठ लागतो, तेराव्या-चौदाव्या शतकात आखून वसवलेली चौकांची गावे लागतात. नदीच्या दक्षिणेकडच्या त्या सगळ्या मुलखाला गॅस्कनी म्हणतात.

"आपल्याकडे असा रस्ता नाही, काका," तो हळहळला.

मी म्हटले, "तुझ्या त्या गॅस्कनीचाच एक माणूस आपल्या काचीगुड्याच्या घरापासून सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर पुरलेला आहे. चल, रविवारी दाखवतो."

त्या रविवारची ही हकीकत आहे. शेजाऱ्यांच्या मुलाची गिअरची सायकल पुतण्याला मिळाली आणि माझी जुनी ॲटलस मी पुसून घेतली. सकाळी सहाला निघालो. त्या वेळी आपल्या शहरात रस्ते रिकामे असतात आणि इराणी चहाची दुकाने उघडलेली असतात. सायकलवाल्याला आणखी काय हवे!

पहिला मुक्काम गनफाउंड्री. आपण हे नाव बसथांबा म्हणून, बँकेचा पत्ता म्हणून रोज घेतो. तिथे खरोखरच तोफा ओतल्या जात, हे किती जणांना ठाऊक आहे? 'तोप का सांचा' हे जुन्या लोकांच्या तोंडचे नाव. फतेह मैदानाजवळ, इमारतींच्या गर्दीत ते विटांचे जुने बांधकाम दडलेले आहे. तो कारखाना अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभा करणारा मिशेल जोआकिम मारी रेमंड. जन्म १७५५ सालचा, गॅस्कनीतल्या सेरिन्याक या गावचा. विशीत, १७७५ साली, तो व्यापाराच्या निमित्ताने पाँडिचेरीला उतरला. व्यापार बाजूला पडला आणि तो शिपाईगिरीत शिरला. आधी म्हैसूरकडे हैदरअलीच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच तुकडीत, मग सेनापती बुसीच्या हाताखाली आणि शेवटी हैदराबादला निजामअलींच्या चाकरीत तो आला. इथे त्याने कवायती पलटणी तयार केल्या, तोफा ओतल्या, आणि दहा-बारा वर्षांत तो दरबारातला बडा माणूस झाला.

पुतण्याने विचारले, "पण याचा आपल्याशी काय संबंध?"

त्याच्या या प्रश्नाचे उत्तर खर्ड्याला आहे.

माझ्या लहानपणी आजोबा खर्ड्याची लढाई रंगवून सांगत. ११ मार्च १७९५. आज अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात असलेले खर्डे गाव. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस, परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले असे सगळे मराठी सरदार एका निशाणाखाली उभे होते. पुन्हा असे सगळे कधी एकत्र आले नाहीत. समोर निजामअली आणि त्यांच्याकडून रेमंडच्या पलटणी. शिंद्यांच्या कवायती फौजेवरही पेराँ नावाचा फ्रेंचच होता. म्हणजे दख्खनच्या माळावर दोन फ्रेंच एकमेकांसमोर आले होते. रेमंडच्या पलटणींनी टिकाव धरला होता, पण निजामअलींनी माघारीचा हुकूम दिला. रात्रीच्या अंधारात गोंधळ उडाला आणि निजाम खर्ड्याच्या भुईकोटात शिरले. तिथे कोंडी झाली, पाण्यावाचून हाल झाले आणि तहाशिवाय गत्यंतर उरले नाही. तीन कोटींची खंडणी, दौलताबादसह मोठा मुलूख, आणि दिवाण मुशीर-उल-मुल्क पुण्याला ओलीस.

"आपण जिंकलो!" असे म्हणून आजोबा गोष्ट संपवत. आणि मग उठून कामावर जात. त्यांची नोकरी निजाम सरकारच्या महसूल खात्यात होती.

हे 'आपण' म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. ज्या किल्ल्यात निजामाने आसरा घेतला, तो बांधला सुलतानजी निंबाळकरांनी. हे एके काळी शाहू महाराजांचे सरलष्कर होते आणि पुढे निजामाकडे गेले. राव रंभा निंबाळकरांचे घराणे तर निजामाच्या उमरावांत मोडत होते. बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडचे कितीतरी देशमुख-देशपांडे पिढ्यान्‌पिढ्या आसफजाही दौलतीचा हिशेब ठेवत होते. आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज त्यांतलेच. त्या दिवशी खर्ड्याच्या माळावर मराठी माणूस दोन्ही बाजूंना होता.

आणि जिंकले कोण, याचाही हिशेब नीट मांडायला हवा. विजयानंतर सातच महिन्यांनी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, सवाई माधवराव गेले. गादीच्या भांडणात नानांना निजामाची मदत हवी झाली आणि १७९६ सालच्या महाडच्या करारात खर्ड्याला मिळवलेल्यातले बरेचसे परत देण्याचे कबूल करावे लागले. इकडे हैदराबादेत निजामअलींच्या मनात वेगळाच सल होता. इंग्रज त्यांचे मित्र म्हणवत, पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर यांनी मराठ्यांविरुद्ध मदत नाकारली होती. हैदराबादला असलेल्या इंग्रजांच्या दोन पलटणी खर्ड्याला गेल्याच नाहीत. रागावून निजामांनी त्या परत पाठवल्या आणि भरवसा टाकला रेमंडवर. त्याच वर्षी शहजादा अलीजाह याने बंड केले तेव्हाही रेमंडच कामी आला. रेमंडची फौज वाढत गेली. क्रांतीनंतरच्या फ्रान्सचा तिरंगी झेंडा हैदराबादच्या छावणीवर फडकू लागला आणि इंग्रजांची झोप उडाली.

गनफाउंड्रीहून आम्ही कोठीकडे वळलो. कोठी म्हणजे रेसिडेन्सी. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दोन सिंह, वर उंच खांब. १९४९ पासून इथे मुलींचे कॉलेज भरत आले आहे. आपल्या कितीतरी लेकी-सुना इथे शिकल्या. अलीकडे या वास्तूची चांगली डागडुजीही झाली आहे. ही इमारत उभी राहण्यामागे त्याच फ्रेंच पलटणींची गोष्ट आहे. २५ मार्च १७९८ रोजी रेमंड वारला. वय अवघे बेचाळीस. विष दिले, अशी कुजबुज तेव्हाही होती. १ सप्टेंबरला निजामांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फ्रेंच पलटणी मोडायच्या, ही त्यातली मुख्य अट. २२ ऑक्टोबरला इंग्रज फौजेने फ्रेंच छावणीला वेढा घातला. सुमारे चौदा हजार शिपायांनी जवळजवळ रक्त न सांडता हत्यारे खाली ठेवली. हे घडवून आणणारा जेम्स किर्कपॅट्रिक. याच रेसिडेंटने पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ही भव्य कोठी बांधवली. चारच वर्षांनी, १८०२ च्या अखेरीस, दुसऱ्या बाजीरावाने वसईला तसल्याच तहावर सही केली. खर्ड्याला हरलेला आणि खर्ड्याला जिंकलेला, दोघेही सात-आठ वर्षांत एकाच दावणीला बांधले गेले.

कोठीच्या फाटकासमोर सायकली लावून आम्ही चहा घेतला. समोर सुलतान बाजार. याचे जुने नाव रेसिडेन्सी बाजार. १९३३ पर्यंत इथे निजामाचा अंमल चालत नव्हता, इंग्रज रेसिडेंटचा चाले. त्यामुळे सभा, छापखाने, सुधारणेच्या चळवळी यांना या भागात थोडी मोकळीक होती. सुलतान बाजार, बडी चावडी, गौलीगुडा, काचीगुडा या पट्ट्यात मराठी घरे आणि मराठी संस्था दाटल्या, त्याचे हेही एक कारण. विवेकवर्धिनी इथून चार पावलांवर. म्हणजे खर्ड्याचा निकाल, त्यातून रेमंडचे वाढलेले बळ, त्यातून इंग्रजांची घाई, त्यातून ही कोठी, आणि कोठीच्या सावलीत आपली वस्ती. ज्या घरात आजोबा "आपण जिंकलो" म्हणत, ते घर तिथे असण्यामागेही खर्ड्याचाच हात होता. पुतण्या कप हातात धरून बराच वेळ गप्प होता.

पुढे चादरघाटचा पूल. ऑलिफंट पूल हे त्याचे मूळ नाव, बांधकाम १८३१ सालचे. २८ सप्टेंबर १९०८ च्या महापुरात मुसीने काय केले ते घराघरातल्या आठवणींत आहे. आजची मुसी पाहून मन खट्टू होते. तुलूझच्या कालव्याचे फोटो डोळ्यांसमोर असले म्हणजे जास्तच होते. पुलापलीकडे मलकपेट आणि मग आसमानगडचा चढ. माझी ॲटलस तिथे हातात धरूनच चालवावी लागली, हे प्रामाणिकपणे सांगतो.

टेकडीवर रेमंडची समाधी आहे. चौथऱ्यावर काळ्या ग्रॅनाइटचा निमुळता उंच स्तंभ, त्यावर 'जे. आर.' ही दोन रोमन अक्षरे. शेजारी ग्रीक वळणाच्या खांबांचा मंडप. हा मंडप २००१ च्या पावसात कोसळला आणि नंतर पुन्हा उभारला गेला. त्यामुळे आज दिसतो तो नवा आहे. जुना मंडप मी तरुणपणी पाहिलेला होता. वाटेवरच होता, म्हणून कधी थांबून नीट पाहिला मात्र नव्हता.

रेमंडला लोकांनी जे केले ते मला सगळ्यात मोठे वाटते. मुसलमान त्याला मूसा रहीम म्हणत आणि हिंदू मूसा राम. मूसारामबाग हे नाव त्यावरूनच. त्याच्या पुण्यतिथीला इथे माणसे जमत, दिवे लावत, ऊद जाळत, नारळ फोडत. तो ना इथला, ना इथल्या धर्माचा. ज्या राज्याची चाकरी केली त्याच्या इमानाला जागला, एवढ्यावर या शहराने त्याला आपल्यात घेतले. आपल्या घरच्यांचेही वेगळे काय झाले? कुणी परभणीहून आले, कुणी बीडहून, कुणी थेट पुण्याहून. नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. १८९५ साली शहाअलीबंड्यात गणेशोत्सव बसला, तोही याच शहरात.

पुतण्या स्तंभाभोवती फिरून आला आणि म्हणाला, "काका, तिकडे प्रत्येक गावात पाटी असते, नकाशा असतो. इथे कुणी सांगितल्याशिवाय काहीच कळत नाही."

त्याचे म्हणणे बरोबर होते. २०२३ साली आपल्या शहराने बाह्यवर्तुळ रस्त्यालगत सौर छपराचा तेवीस किलोमीटरचा सायकलमार्ग बांधला. व्यायामाला तो उत्तम आहे. पण गनफाउंड्री, कोठी, चादरघाट, आसमानगड या वाटेला नवा रस्ता बांधायची गरजच नाही. सगळी मिळून सात-आठ किलोमीटरही भरत नाही. सांगणारे कुणीतरी बरोबर असले म्हणजे झाले, आणि ते सांगणारे आपल्या पिढीत अजून आहेत. आमच्यामागे ते काम कोण करील, याची मला काळजी वाटते. मंडप पडला तर पुन्हा बांधता येतो, विसरलेली गोष्ट कुठून आणायची?

म्हणून एक विनंती. बाप्पांचे विसर्जन झाले, घर सुनेसुने वाटू लागले की पुढच्या रविवारी सकाळी नातवंडांना घेऊन निघा. सायकल जमत नसेल तर स्कूटरवर जा, रिक्षाने जा. पण प्रत्येक ठिकाणी खाली उतरा आणि आपल्या घरात ऐकलेले काही तिथे उभे राहून सांगा. खर्ड्याची गोष्टही सांगा. फक्त शेवटी "आपण जिंकलो" म्हणण्याआधी, आपण म्हणजे कोण, एवढे मुलांना विचारून पाहा.