बेने इस्राएल : कुळाची कसोटी आणि पूर्वजांचा वारसा

वसमत सोडून परगावी स्थायिक झालेले घराणे तेथे वसमतकर म्हणून ओळखले जाते. गाव सुटले तरी गावाचे नाव पिढ्यानपिढ्या सोबत राहते. आडनावाची हीच मराठी रीत पाळणारा एक समाज आज मुख्यत्वे इस्रायलमध्ये वसलेला आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, अष्टमकर, केहिमकर ही त्याची आडनावे. बेने इस्राएल या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या ज्यू समाजाने प्रथम कोकणात जेरुसलेमची आठवण जपली आणि पुढे इस्रायलमध्ये कोकणाची. या दीर्घ प्रवासात त्याला कुळाच्या शुद्धतेच्या प्रश्नास कसे तोंड द्यावे लागले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या समाजाच्या परंपरेनुसार त्याच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. हा प्रसंग केव्हा घडला याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांजवळ ग्रंथ उरले नव्हते. शब्बाथ, सुंता, काही उपवास आणि शेमा ही प्रार्थना, एवढेच आचार त्यांनी टिकवले. तेल गाळणे हा त्यांचा व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. एका धर्माचरणाला गावगाड्याने जातीचे नाव दिले, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

जातिव्यवस्थेची छाया या समाजाच्या अंतरंगातही पडली. त्यात गोरे व काळे असे दोन भेद निर्माण झाले. मिश्र विवाहातून जन्मलेल्यांच्या वंशजांना काळे समजले जाई व त्यांच्याशी बेटीव्यवहार टाळला जाई. कुळ विचारण्याची ही प्रथा ज्यांनी आपल्याच बांधवांवर लादली, त्यांनाच पुढे तो प्रश्न विचारला जावयाचा होता.

इ. स. १७९६ मध्ये सॅम्युएल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. एकोणिसाव्या शतकात धार्मिक वाङ्मय मराठीत निघू लागले. इ. स. १८८० च्या सुमारास बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने होऊ लागली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी इ. स. १८९७ मध्ये लिहिलेला समाजाचा इतिहास इ. स. १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला.

इ. स. १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर बहुसंख्य कुटुंबे तिकडे गेली. परंतु पूर्वजांच्या भूमीत झालेले स्वागत संमिश्र होते. इ. स. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने विवाहनोंदणीसंबंधी एक निर्देश काढला. बेने इस्राएल व्यक्तीचा अन्य ज्यूशी विवाह नोंदविण्यापूर्वी तिच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी, असा त्याचा आशय होता. या अपमानाविरुद्ध समाजाने आंदोलन केले. जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यूच असून त्यांचे अधिकार समान आहेत, असे जाहीर केले. त्यानंतर धर्मपीठाच्या निर्देशातून समाजाचे नाव वगळण्यात आले.

त्रिपिटकाच्या अभ्यासकांस येथे सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्ताचे सहज स्मरण होईल. माता व पिता या दोन्ही बाजूंनी सात पिढ्या शुद्ध असलेला तोच ब्राह्मण, हे भारद्वाजाचे मत. शील व व्रत यांनीच माणूस ब्राह्मण ठरतो, हे वासेट्ठाचे. तथागतांनी निर्णय दिला तो कर्माच्या बाजूने. वनस्पती व प्राणी यांच्यात जन्मजात भेदाची चिन्हे असतात, तशी माणसामाणसांत नसतात, हे त्यांनी दाखवून दिले. इ. स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये ज्यू व स्थानिक भारतीय अशा दोन्ही वंशधारा आढळल्या. शुद्ध कुळाच्या कल्पनेस यातून आधार मिळत नाही. या समाजाच्या वारशास मात्र त्याने किंचितही उणेपणा येत नाही.

कारण हा वारसा आचरणाने टिकला आहे. दिमोना, अश्दोद, लोद, रामला या गावांत वसलेल्या कुटुंबांनी मलिद्याचा विधी सोबत नेला. गूळ-खोबरे घातलेले पोहे व फळे मांडून प्रेषित एलियाहूचे स्मरण करण्याचा हा विधी कोकणातील आहे. लग्नाआधीची मेंदी राहिली. इ. स. १९८० नंतरच्या दशकात ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही तेथून निघू लागले. तेथे जन्मलेल्या पिढीची बोलीभाषा मात्र हिब्रू झाली आहे आणि घरातील मराठी वृद्धांपुरती उरत चालली आहे. कुळाच्या चौकशीतून जो समाज ताठ मानेने बाहेर पडला, त्याच्या वारशाची खरी कसोटी आता या घरगुती भाषेपाशी आहे. आजीने नातवाशी मराठीत बोलावे आणि नातवाने मराठीतच उत्तर द्यावे, हे कोणत्याही संसदेच्या ठरावाने साध्य होणारे नाही.