बिरड्याच्या सणानंतर तीन दिवस

बिरड्याचा सण, म्हणजे आव महिन्याच्या नवमीचा उपास, १९४३ साली १० ऑगस्टला आला होता. त्यानंतर तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या आधी काही तास, अल्जीरियातील बोन गावी एक एकवीस वर्षांचा ज्यू मुलगा वारला. त्याचे नाव आर्थर लुईस आरोन. आरोन हे नाव आपल्यात घरोघरी असले तरी हा आपल्या कोकणातला नव्हे, इंग्लंडमधल्या लीड्स शहरचा.

शाळा संपवून तो वास्तुकलेचे शिक्षण घेत होता. युद्ध पेटल्यावर हवाई दलात गेला आणि २१८ स्क्वाड्रनमध्ये स्टर्लिंग जातीच्या बॉम्बफेकी विमानाचा वैमानिक झाला. १२ ऑगस्टच्या रात्री त्यांना इटलीतील तुरिनवर पाठवले. तेथे पोचताना विमानावर गोळ्यांचा भडिमार झाला. नॅव्हिगेटर कॉर्नेलियस ब्रेनन हा कॅनडाचा तरुण जागीच ठार झाला. आर्थरचा जबडा फुटला, फुप्फुसाला इजा झाली, उजवा हात निकामी झाला. विमान हजारो फूट खाली कोसळत गेले, ते इंजिनिअरने कसेबसे सावरले.

बोलता येईना, म्हणून आर्थरने खुणांनी बॉम्ब टाकणाऱ्या ॲलन लार्डनला विमान हाती घ्यायला सांगितले. सोबत्यांनी त्याला मागे नेऊन मॉर्फीन दिले. थोडा वेळ पडून राहिला आणि पुन्हा उठला. हट्टाने जागेवर बसवून घेतले. विमान हाताळायची ताकद उरली नव्हती, तेव्हा डाव्या हाताने सूचना लिहून देऊ लागला. पाच तासांनी, पेट्रोल संपत आले असता, बोनच्या धावपट्टीचे दिवे दिसले. चाके न उघडता, अंधारात उतरायचे होते. त्याच्या सांगण्यावरून चार वेळा प्रयत्न झाला. शेवटी तो कोसळायला आला, तेव्हा सोबत्यांनी त्याला धरून ठेवले आणि लार्डनने विमान उतरवले. नऊ तासांनी आर्थर गेला. स्वस्थ पडून राहिला असता तर बहुधा वाचला असता, असे व्हिक्टोरिया क्रॉसच्या सरकारी मजकुरातच लिहिले आहे.

त्या मजकुरात गोळ्या शत्रूच्या विमानाच्या म्हटल्या आहेत. पुढे मात्र असे मानले गेले, की त्या बहुधा त्यांच्याच ताफ्यातल्या दुसऱ्या स्टर्लिंगमधून, अंधारात चुकून सुटल्या होत्या. मुलांना गोष्ट सांगताना आम्ही हा भाग गाळत नाही. त्याने केले ते यामुळे तसूभरही कमी होत नाही, आणि आईबापांचे दुःखही कमी होत नाही.

आपले वाडवडील मुंबईच्या पलटणीत सुभेदार झाले, त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण पदके मोजताना घरी राहिलेल्यांची आठवण आपण फार कमी काढतो. ब्रिटिश बॉम्बर दलाचे ५५,००० हून अधिक जण या युद्धात मेले, बहुतेक आर्थरच्याच वयाचे. लीड्समध्ये २००१ साली त्याचा पुतळा उभारला, तो उघडला माल्कम मिचम यांनी. विमान सावरणारे इंजिनिअर ते हेच, त्या विमानातले हयात असलेले शेवटचे.

आर्थरची कबर अजून बोनलाच, म्हणजे आजच्या अन्नाबात आहे. त्याला मूलबाळ नव्हते. आव महिन्याची १२ तारीख आली की त्या आठवड्याच्या शब्बाथला हश्काबात त्याचेही नाव घ्यायला हज्जानसाहेबांना सांगता येईल. बापाचे नाव लागते, म्हणून देतो: बेंजामिन. आईचे रोझली.